गुण बेताचे आणि घर सोडवत नाही



सध्या आंबिया बहाराच्या तोडणीचे दिवस आहेत. नरखेड, जलालखेडा, मोवाड, सावरगाव, कोणत्याही दिशेला गेलो तरी बोलणे संत्र्याच्या भावावर आणि फळगळीवर येऊन थांबते. मागील पंधरवड्यात घरभेटींसाठी फिरताना एका घरी मात्र वेगळाच विषय निघाला आणि तो अजून आमच्या मनातून गेलेला नाही. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो येथे मांडीत आहोत, कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

त्या घरची मुलगी डॉक्टर आहे. एमबीबीएस झाले, शासकीय सेवेचे बंधपत्र पुरे केले, मग बालरोगात एमडी. दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ पुण्याला नोकरीत आहे. आई घर, बाग आणि आजारी माणूस या तिन्ही गोष्टी सांभाळते. मुलीला आणखी तीन वर्षे शिकून लहान मुलांच्या रक्तविकारांत तज्ज्ञ व्हायचे आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलने कण्हणारी मुले तिने इतकी पाहिली आहेत की, हा हट्ट नसून ओढ आहे, हे आम्हांला लगेच कळले. अडचण दुहेरी आहे. प्रवेश परीक्षेत तिला गुण मिळाले ते बेताचे. आणि घरची परिस्थिती अशी की, नागपूरपलीकडे जाणे तिला अशक्य वाटते.

तिने विचारले, "फादर, फक्त नागपूरच भरले तर जागा मिळणार नाही, हे मला माहीत आहे. बाहेरचे भरले तर बाबांना सोडून जावे लागेल. मग मी अर्ज करावा तरी का?"

आम्ही घाईत होतो. पुढच्या घरी लोक वाट पाहत होते. आम्ही म्हणालो, "बाळा, देवाची इच्छा असेल तसे होईल." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते खरं आहे फादर. पण फॉर्म तर मलाच भरायचा आहे न?"

आम्ही निरुत्तर झालो. देवाच्या इच्छेचे नाव घेऊन आम्ही तिचा प्रश्न तिच्याच ओटीत परत टाकला होता. एके काळी सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाने असे करणे बरे नव्हे. म्हणून आज हा प्रश्न पुन्हा हाती घेत आहोत.

आधी व्यवहार समजून घेऊ

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की, एकदा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली की परीक्षा संपल्या. तसे नाही. एमबीबीएससाठी एक प्रवेश परीक्षा, एमडी किंवा एमएससाठी दुसरी आणि त्यापुढच्या डीएम, एमसीएच यांसारख्या अतिविशेष शिक्षणासाठी तिसरी. ही तिसरी परीक्षा, नीट-सुपर स्पेशालिटी, २०१७ पासून देशपातळीवर घेतली जाते. एम्ससारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची परीक्षा निराळी असते. नागपुरात १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, २०१८ पासून एम्सही आहे. परंतु कोणत्याही एका शहरात एका विषयाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात आणि त्यांवर साऱ्या देशातील डॉक्टरांची नजर असते.

जागा वाटताना गुणवत्तायादीतील क्रमांक पाहतात. प्रत्येक उमेदवार आपल्या पसंतीच्या जागांची क्रमवार यादी देतो. ज्याचा क्रमांक वर, त्याच्या यादीतून आधी जागा दिली जाते. मग दुसऱ्याची पाळी, मग तिसऱ्याची. म्हणून वरच्या क्रमांकाच्या उमेदवाराला हवा तो विषय, हवे ते शहर आणि तेही याच वर्षी, असे तिन्ही मिळू शकते. बेताचे गुण असणाऱ्याला या तिहींपैकी एखादी गोष्ट सोडावी लागते. विषय सोडला तर शहर मिळेल. शहर सोडले तर विषय मिळेल. दोन्ही धरून ठेवायचे तर हे वर्ष सोडून पुन्हा अभ्यासाला बसावे लागेल.

प्रश्नाचे खरे रूप हे आहे. "अर्ज करावा की नाही" हा प्रश्न तसा सोपा आहे. "तिहींपैकी काय सोडायचे, आणि ते सोडण्याचा अधिकार कोणाचा" हा कठीण आहे.

गुण नेमके काय सांगतात

प्रथम गुणांविषयी. निकालात पर्सेंटाइल नावाचा आकडा असतो आणि लोक तो टक्केवारीसारखा वाचतात. पन्नास म्हटले की, "अर्धेच आले का?" असे विचारतात. तो आकडा तुम्हांला किती येते ते सांगत नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरातील किती जण तुमच्या मागे आहेत, एवढेच सांगतो. या परीक्षेला बसणारे सगळे आधीच एमडी किंवा एमएस असतात, म्हणजे दोन चाळण्यांतून खाली आलेले. त्यांच्यात मधोमध असणे याला गावच्या पारावर "पोरगी मागे पडली" म्हणणे हे अज्ञान आहे. त्या मुलीच्या कानांवर ते पडते, म्हणून ते अन्यायाचेही आहे. पात्रतेची रेषा साधारणपणे पन्नासाव्या पर्सेंटाइलवर असते, आणि जागा रिकाम्या राहतात तेव्हा ती रेषाही खाली आणली गेली आहे. २०२३ साली एमडी-एमएसच्या प्रवेशासाठी ती थेट शून्यावर आणली होती. जी रेषा रिकाम्या जागा पाहून वर-खाली होते, तिच्यावरून कोणाच्या आयुष्याचे मोल ठरत नसते.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुण म्हणजे काहीच नाही, असे म्हणणे हीसुद्धा फसवणूक आहे. उपचारात चूक झाली तर लेकरू दगावते, तेथे ज्ञान मोजावेच लागते. "देव पाहून घेईल" म्हणून अभ्यास सोडणारा डॉक्टर आपल्यापैकी कोणालाही नको आहे.

मग बेताच्या गुणांकडे कसे पाहावे? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील तालंतांचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. आपले लक्ष पाच तालंतवाल्याकडे जाते आणि एक तालंत पुरणाऱ्याकडे जाते. मधला, दोन तालंतांचा माणूस, आपण विसरतो. धन्याने पाचवाल्याची ज्या शब्दांत वाखाणणी केली, त्याच शब्दांत दोनवाल्याचीही केली. एक शब्द कमी नाही. शिक्षा झाली ती कमी मिळालेल्याला म्हणून नव्हे, तर भिऊन जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला म्हणून. संत थॉमस अक्वायनस यांनी भ्याडपणे स्वतःला लहान मानण्याच्या वृत्तीला दोष म्हटले आहे आणि उदाहरण याच दासाचे दिले आहे. आपल्याकडे या वृत्तीला पुष्कळदा नम्रता समजतात. "माझ्याने काय होणार" म्हणून अर्जच न करणे ही नम्रता नव्हे. आपल्याला किती जमते याचा खरा हिशेब करून तेवढे करायला निघणे, ही नम्रता.

आम्हां धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियान्नी यांना लॅटिन भाषा शेवटपर्यंत जड गेली. सेमिनरीत ते मागे पडले. कसेबसे १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १८१८ साली आर्स नावाच्या लहानशा खेड्यात त्यांना पाठविण्यात आले. पुढे साऱ्या फ्रान्समधून लोक त्या खेड्याकडे पापनिवेदनासाठी येऊ लागले. याचा अर्थ लॅटिन निरुपयोगी होते असा नाही. परीक्षकांनी जे मोजले ते खरे होते, पण माणूस तेवढाच नव्हता.

घराचे बंधन: कर्तव्य, भीती की लोकलाज?

आता घराविषयी. येथे पवित्र शास्त्र आपल्याला सोपे उत्तर देत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू अशा लोकांना खडसावतो, जे "हे देवाला वाहिले आहे" असे म्हणून आईबापांना द्यायचे ते देत नाहीत. आणि लूकच्या नवव्या अध्यायात तोच प्रभू बापाला पुरून येऊ द्या म्हणणाऱ्याला थांबू देत नाही. एक वचन हाती घेऊन मुलीला घरी बसविता येईल, दुसरे घेऊन तिला घराबाहेर काढता येईल. म्हणून वचनांची फेकाफेक न करता विचार करावा लागतो.

अक्वायनस यांनी या ठिकाणी एक फार व्यावहारिक कसोटी दिली आहे. कोणाला मठात जायचे असेल आणि त्याच्या आईबापांचा निर्वाह त्याच्यावाचून होतच नसेल, तर त्याने त्यांना सोडून मठातही जाऊ नये. परंतु त्याच्यावाचून त्यांचे चालत असेल, तर तो जाऊ शकतो. पाहा, देवाच्या सेवेसाठी जाणाऱ्यालासुद्धा हा प्रश्न चुकलेला नाही: "तुझ्यावाचून खरोखर चालणार नाही का?" आईबापांचे प्रेम किती, हा प्रश्न येथे नाही. गरज कशाची आहे आणि ती आणखी कोण भागवू शकते, हा आहे.

ही कसोटी आम्ही त्या घरात लावून पाहिली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा घाई न करता बसलो. वडिलांना रोज काय लागते? उठवणे, अंघोळ, वेळेवर गोळ्या, रक्तदाब पाहणे, हातापायांचे व्यायाम. यांपैकी डॉक्टर मुलीवाचून काय अडते? फार थोडे. मग इतके दिवस "तिच्यावाचून चालणार नाही" असे सर्वजण का धरून बसले होते? बोलता बोलता तीन धागे वेगळे झाले. एक खरे कर्तव्य होते. आई थकली आहे, तिला मदत हवी. दुसरी भीती होती. आपण दूर असताना बाबांचे काही झाले तर, ही भीती मुलीची होती आणि ती पूर्णपणे कधीच जाणार नाही. तिसरी लोकलाज होती. बाप अंथरुणावर आणि पोरगी परराज्यात, लोक काय म्हणतील?

कर्तव्याला मान द्यावा. भीतीशी बोलावे. लोकलाजेपुढे मात्र वाकू नये. तिन्ही एकाच आवाजात बोलतात म्हणून गोंधळ होतो, एवढेच.

येथे आम्हांला धर्मग्रामातील सर्व आईवडिलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या घरी पुण्याच्या मुलाला कोणीही विचारले नव्हते की, "तू नागपूरला बदली मागशील का?" त्याच्या नोकरीला शहराची मर्यादा नव्हती, बहिणीच्या शिक्षणाला होती. मुलगा दूर गेला तर "पोटासाठी गेला" आणि मुलगी गेली तर "सोडून गेली", ही भाषा आपल्या घरांत आहे. चौथ्या आज्ञेत मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आईबापांचा मान दोघांनी राखायचा आहे, तेव्हा ओझेही दोघांनी वाटून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली आणि आमचीच मान खाली गेली. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्या वडिलांना कोणीच विचारले नव्हते. आम्हीही पहिल्या वेळी नाही. त्यांना बोलायला वेळ लागतो, शब्द अडखळतात, म्हणून आपण त्यांच्या वतीने बोलू लागलो होतो. विचारल्यावर ते हळूहळू म्हणाले की, नागपुरात खोली घेऊन राहायला त्यांची हरकत नाही, तेथे व्यायाम शिकविणारे तरी रोज मिळतील. आईला मात्र बाग सोडवत नाही. म्हणजे प्रश्न सुटला नाही, पण तो जेथे होता असे वाटत होते तेथे नव्हता.

यादी भरताना सत्य

आता त्या पसंतीच्या यादीविषयी. आम्हांला ती एका अर्थाने विवेक-परीक्षणाची वही वाटू लागली आहे. तीत तीन प्रकारची असत्ये शिरू शकतात.

पहिले असे: "नागपूर आपल्याला मिळणारच नाही, उगाच वर कशाला लिहा," म्हणून जे मिळण्याजोगे तेच आधी लिहिणे. हे अकारण भिणे आहे. या पद्धतीत न मिळणारी जागा वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि शिल्लक असलेली पहिली जागा तुम्हांला मिळते. म्हणजे मनात जो क्रम आहे तोच कागदावर लिहिण्यात काडीचेही नुकसान नाही. जगातील फार थोड्या व्यवहारांत खरे बोलणे इतके बिनखर्चाचे असते!

दुसरे असत्य उलटे आहे: जेथे आपण कधीच जाणार नाही अशी नावे "असू द्या" म्हणून भरणे. जागा मिळते, उमेदवार जात नाही, अनामत रक्कम बुडू शकते. रक्कम आपली असते, ती गेली तर गेली. पण यादीत आपल्या खाली असलेल्या कोणाला तरी ती जागा हवी होती. प्रवेश घेऊन मग सोडून दिली तर ती पुष्कळदा रिकामीच राहते, आणि त्या विभागात येणाऱ्या रुग्णांच्या वाट्याला एक डॉक्टर कमी येतो. जे आपण वापरणार नाही ते दुसऱ्याच्या हातून काढून घेणे, याला न्यायाच्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला नको.

तिसरे असत्य सर्वांत सूक्ष्म: अपयश यावे म्हणूनच अर्ज करणे. फक्त एकच जागा लिहायची, ती मिळणार नाही हे ठाऊक असते, आणि मग "मी प्रयत्न केला, देवाच्या मनात नव्हते" असे म्हणायचे. घरीच राहायचे ठरले असेल तर ते मोकळेपणाने ठरवावे. तो सन्मानाचा निर्णय आहे. पण आपला निर्णय देवाच्या नावावर खपवू नये. आम्ही पहिल्या दिवशी तिला नेमके हेच शिकवून आलो होतो.

जागा मिळाली नाही तर

सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. हा आजार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो. २०२३ च्या जुलैत केंद्र शासनाने मध्य प्रदेशातील शहडोल येथून याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. आजारी मुलाला काय लागते? वेळेवर निदान, लसी, जंतुसंसर्ग टाळण्याची औषधे, हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आणि ती चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. आईला कोणीतरी समजावून सांगावे लागते की, दुखणे उठले तर थांबू नका. यांतील बहुतेक काम चांगला बालरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी राहून करू शकतो. अस्थिमज्जा-प्रत्यारोपण मात्र तो करू शकत नाही. त्यासाठी कोणीतरी दूर जाऊन शिकलेच पाहिजे. म्हणून "गावातच राहा, तीच खरी सेवा" असे आम्ही म्हणणार नाही. तसेच "पुढे शिकली नाही तर वाया गेली" असेही कोणी म्हणू नये. मधल्या वाटाही आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या लहान मुदतीच्या फेलोशिप आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या आहेत. खेड्यात काम करीत शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा कुटुंबवैद्यकाचा अभ्यासक्रम आहे. आणि परीक्षा पुढल्या वर्षीही येते.

इटलीच्या संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला या डॉक्टर होत्या. त्यांचा भाऊ ब्राझीलमध्ये मिशनरी धर्मगुरू होता. तेथे जाऊन गरिबांची सेवा करावी, अशी त्यांची मोठी इच्छा होती, परंतु प्रकृती साथ देईना, आणि मार्गदर्शकांनी जाऊ नको असा सल्ला दिला. १९५० साली त्यांनी घराजवळच्या मेझेरो या गावी दवाखाना उघडला आणि १९५२ साली मिलानमध्ये बालरोगाचे विशेष शिक्षण पुरे केले. २००४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्या ब्राझीलला गेल्या नाहीत याचे दुःख त्यांना झाले नसेल, असे आम्हांला वाटत नाही. संतांनाही हव्या असलेल्या गोष्टी सोडताना दुखते. मेझेरोच्या आयाबायांना मात्र त्यांनी उरलेला अर्धा जीव दिला नाही, पुरता दिला.

आपण संत्र्याचे लोक आहोत. आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. झाड आंबिया बहारही देऊ शकते आणि मृग बहारही. पण एकाच वर्षी दोन्ही भरघोस घ्यायला गेलो तर झाड खचते. एक धरायचा तर दुसरा सोडावा लागतो, आणि जो धरायचा त्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही आणि ताण जास्त झाला तर झाड वाळते. किती दिवस ताण द्यायचा, हे पुस्तकात पाहून कळत नाही. आपली जमीन हलकी की भारी हे ज्याला माहीत आहे, त्यालाच कळते. तिच्या निर्णयाचेही तसेच आहे. आम्ही तिला वाट दाखवू शकतो, पाणी कधी सोडायचे ते तिने ठरवायचे.

तिने यादी भरली आहे. सर्वांत वर नागपूर, त्याखाली रेल्वेने एका दिवसात घरी पोहोचता येईल अशी तीन शहरे. त्यापलीकडचे एकही नाव नाही, कारण तेथे ती जाणार नाही. भावाने नागपूरला बदलीसाठी अर्ज केला आहे, मिळेल की नाही ठाऊक नाही. निकाल यायचा आहे. जागा मिळण्याची शक्यता फार नाही, हे तिला आणि आम्हांला दोघांनाही माहीत आहे. पण आता ती रात्री झोपते, असे तिच्या आईने सांगितले.

पुढील रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही तासभर बसणार आहोत. ज्यांची मुले-मुली कोणत्याही प्रवेशाचे अर्ज भरीत आहेत, त्यांनी मुलांना घेऊन यावे. शक्य असेल तर मुलांच्या भावंडांनाही आणावे. आणि घरी कोणी आजारी वडीलधारे असतील, तर त्यांना विचारून यावे.

आपला,
धर्मगुरू